चकतीचा काठ

धाकट्या भावाने गेल्या पावसाळ्यानंतर माझ्यावर एक कामगिरी सोपवली. त्याची केळीची व मोगऱ्याची वाडी आहे. त्यातूनच त्याने मुलीला शिकवले. ही माझी पुतणी मुंबईतील एका संशोधन संस्थेत डॉक्टरेटसाठी काम करते. शिष्यवृत्तीची पाच वर्षे संपत आली होती आणि प्रबंध पुरा होण्याचे चिन्ह नव्हते. इकडे एका संगणक कंपनीकडून तिला नोकरीचे बोलावणे आले होते. भाऊ म्हणाला, “दादा, तू जाऊन तिला समजाव. तुझं ती ऐकेल. पाच वर्षांनी विचारलं, काय अडलंय, तर म्हणते, काठ खराब होतोय! लुगडं विणते आहे की काय?”

लोकांना समजावण्याची सवय आम्हा धर्मगुरूंना थोडी जास्तच असते. दोन-चार युक्तिवाद मनात जुळवून मी एका सोमवारी सकाळच्या गाडीने निघालो. सोमवार हा आमचा त्यातल्या त्यात मोकळा दिवस.

पुतणीने मला फाटकावरून आत नेले. “काका, तुम्ही चांगल्या दिवशी आलात,” ती म्हणाली, “आज चौथी चकती आहे.” तिच्या चेहऱ्यावर रात्रीचे जागरण दिसत होते. मी जुळवलेला पहिला युक्तिवाद तेथेच गळाला.

तिच्या लोकांचा खरा स्वच्छ कक्ष काचेच्या भिंतीपलीकडे होता. त्यात पांढऱ्या पोशाखातील, डोळ्यांपुरती उघडी माणसे हलके हलके वावरत होती. आम्हांला तेथे प्रवेश नव्हता. आणि गंमत अशी, की त्या दिवशीच्या मुख्य कामालाही नव्हता. हे काम ज्या द्रवात करायचे, ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, आपल्या जुन्या भाषेत कॉस्टिक पोटॅश. त्यातील पोटॅशियमचा अंश विद्युत्-मंडलांच्या नाजूक थरांत शिरला तर तेथे भटकत राहतो व सारी मापे बिघडवतो. म्हणून या द्रवाचे भांडे स्वच्छ कक्षाबाहेर, निराळ्या खोलीत, निराळ्या ओट्यावर. एका परीने ते माझ्या पथ्यावर पडले. बाहेरच्या खोलीत चष्मा, हातमोजे व ॲप्रन चढवून मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसता आले.

तिने एका डबीतून चकती काढून दाखवली. वेफर म्हटले की आमच्या बाजारात केळ्याचे वेफर आठवतात. ही मात्र आरशासारखी लखलखीत, दहा सेंटिमीटर व्यासाची, जाडीने सुमारे अर्धा मिलिमीटर. “बोटाचा ठसा नको, नुसती काठाला धरा,” ती म्हणाली. पातळ गोल वस्तू दोन बोटांनी हळुवार उचलण्याचा सराव मला गेली पंचवीस वर्षे रोजचा आहे. तिने ते पाहिले, हसली, आणि मग गंभीर होऊन म्हणाली, “सगळं दुखणं तिथंच आहे. जिथं तुम्ही धरलंय तिथं.”

सिलिकॉन म्हणजे वाळूतले मूलद्रव्य. ते शुद्ध करून वितळवतात आणि त्यात बोटाएवढा एक स्फटिक बुडवून, फिरवत फिरवत सावकाश वर ओढतात. त्याच्यामागून सबंध दंडगोल एकसंध स्फटिक होऊन उगवतो. ही रीत यान चोक्राल्स्की या पोलिश शास्त्रज्ञाला १९१६ साली सापडली. धातू किती वेगाने गोठतो याचा अभ्यास तो त्या वेळी करीत होता. सिलिकॉनचा त्याशी काही संबंध नव्हता. त्या दंडगोलाच्या काकडीसारख्या चकत्या कापतात, त्यांना जिल्हई देतात आणि त्यांच्या कडा घासून गोल करतात. धारदार कडेचे टवके उडतात व त्या टवक्यापासून तडा सुरू होतो, म्हणून ही गोलाई. म्हणजे काठ गोल केला तो चकतीच्या रक्षणासाठीच. तोच गोलपणा पुढे पुतणीच्या मुळावर आला.

ती काय बनवत होती ते थोडक्यात सांगतो. चकतीच्या पाठीमागून चौकोनी खड्डे खोदत न्यायचे आणि पुढच्या पृष्ठभागाला पोहोचण्याआधी जेमतेम पंधरा मायक्रॉनचा पापुद्रा शिल्लक ठेवायचा. माणसाच्या केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन. त्यावरून कल्पना यावी. या पापुद्र्यावर हवेचा किंवा रक्ताचा दाब पडला की तो किंचित वाकतो. वाकला की त्यातील विद्युत्-रोध बदलतो आणि दाब मोजता येतो. ताण पडल्यावर सिलिकॉनचा रोध पुष्कळ बदलतो हे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ मध्ये दाखवले. आज मोटारीच्या इंजिनापासून अतिदक्षता विभागातील खाटेपर्यंत असले दाबमापक बसलेले आहेत. पुतणीला तो अधिक लहान दाब टिपणारा हवा होता, म्हणून पापुद्रा अधिक पातळ.

आता हे खोदकाम छिन्नीने होत नाही, द्रवाने होते. आणि या द्रवाचा स्वभाव मला फार विलक्षण वाटला. स्फटिकात अणूंच्या रांगा ठरलेल्या असतात, त्यामुळे वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळी पृष्ठे तयार होतात. ऐंशी अंश उष्णतेचे पोटॅशचे द्रावण चकतीच्या सपाट पृष्ठाला मिनिटाला मायक्रॉनभर किंवा थोडे अधिक खाते. मात्र एका विशिष्ट तिरप्या पृष्ठाशी आले की ते जवळजवळ थबकते. म्हणून खड्ड्याच्या भिंती सरळ उभ्या न राहता चोपन्न पूर्णांक सात अंशांच्या उतारावर, आरशासारख्या गुळगुळीत उतरतात. उलटा ठेवलेला बिनशेंड्याचा पिरॅमिडच. पुतणीने कागदावर हिशेब मांडून दाखवला. पाचशेदहा मायक्रॉन खोल जायचे तर वरचे तोंड तळापेक्षा सातशेवीस मायक्रॉनांनी रुंद ठेवावे लागते. शाळेतील भूमितीचा तास आठवला. कंपास न वापरता इतका नेमका कोन काढणारा विद्यार्थी मात्र मी तेथे प्रथम पाहिला.

“मग अडचण कुठे?” मी विचारले.

“हे सगळं खड्ड्यात, काका. खोलगट जागी हळू खाल्ली जाणारी पृष्ठं शेवटी टिकतात. उंचवट्यावर उलटं होतं. बाहेर आलेल्या कोपऱ्यावर सगळ्यांत भरभर खाल्ली जाणारी पृष्ठं राज्य करतात. आणि काठ म्हणजे सगळीकडून बाहेर आलेला कोपराच.”

गोल घासलेल्या काठावर स्फटिकाची सारी पृष्ठे एकामागून एक उघडी पडतात. आवरणात जरा फट मिळाली की द्रव तेथे शिरतो आणि सात तासांत काठाची करवत करून टाकतो. तिने मला पहिली चकती दाखवली. एका प्लॅस्टिकच्या पिशवीत तिचे तुकडे होते. सगळे काटकोनांत तुटलेले, जणू कोणी गुण्याने आखून कापले असावेत. मधल्या खिडक्या सुरेख उतरल्या होत्या. पण दात पडलेल्या काठाला चिमटा लावताच तडा सरळ रेषेत आरपार धावला होता.

पहिल्या वेळी तिने काहीच काळजी घेतली नव्हती असे नाही. सगळ्या चकतीवर सिलिकॉन नायट्राइडचा थर होता. भट्टीत सुमारे आठशे अंशांवर चढवलेला हा थर मायक्रॉनच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढाच असतो, पण पोटॅश त्याला जवळपास शिवतही नाही. तो दोन्ही बाजूंना चढतो, काठावरही चढतो. मग काठ उघडा पडला कसा? याचा उलगडा व्हायला तिला दोन महिने लागले. खिडक्यांची जागा मोकळी करण्यासाठी चकतीवर प्रकाशाला संवेदनशील रोगणाचा थर देतात. चकती गरगर फिरवून तो पसरवतात. द्रव फिरत बाहेर जातो आणि पृष्ठताणामुळे काठाशी त्याची जाड कडा साचते. ती कडा पुढे छायाचित्रणाच्या काचेला अडते, म्हणून विद्रावकाने पुसून टाकायची, असा शिरस्ता आहे. तिने शिरस्ता पाळला. रोगण पुसल्याने काठाचा नायट्राइड उघडा पडला, आणि खिडक्यांवरचा नायट्राइड काढणाऱ्या प्लाझ्माने काठावरचाही काढून टाकला. कोणी चूक केली नव्हती. प्रत्येक पायरी पुस्तकाप्रमाणे होती. दोन बरोबर पायऱ्यांच्या सांध्यात काठ गेला.

दुसऱ्या चकतीला तिने काठाभोवती उष्णता सोसणारी चिकटपट्टी लावली. द्रव पट्टीखाली केशाकर्षणाने शिरला आणि आत कोंडून राहिला. वरून काही दिसेना. ही हानी पहिलीपेक्षा वाईट, कारण शेवटच्या क्षणापर्यंत आपण सुरक्षित आहोत असे वाटत राहिले. तिसऱ्या वेळी काळे मेण. हे मेण जुन्या प्रयोगशाळांचे आवडते. आम्लांपुढे ते छान टिकते, टोल्युइनने सहज निघते. पण ऐंशी अंशांच्या आसपास ते मऊ पडू लागते, आणि तिचे भांडे नेमके ऐंशी अंशांचे. चार तासांनी मेणाचा एक ओघळ खिडक्यांवर उतरला. सहा चकत्या सहा महिने खपून एकत्र तयार केल्या होत्या. आता तीन उरल्या होत्या.

“कारखान्यांत काय करतात?” मी विचारले.

“काठाच्या आतला काही मिलिमीटरचा पट्टा ते हिशेबातच धरत नाहीत. तिथली चिप विकायचीच नाही असं ठरवलेलं असतं. पण पट्टा सोडून द्यायचा तरी तो तुटता कामा नये ना. सगळी चकती त्याच्यावरच धरलेली असते.”

चौथ्या चकतीसाठी तिने एक साचा मिळवला होता. पांढऱ्या, कठीण प्लॅस्टिकच्या दोन जाड कड्या. त्यांच्यामध्ये चकती, आणि चकतीच्या दोन्ही अंगांना काठापासून थोडे आत रबराचे एकेक गोल वेटोळे. स्क्रू आवळले की काठ व पुढची बाजू कोरड्या खणात बंद होते व फक्त पाठ द्रवाला सामोरी राहते. रबरही वाटेल ते चालत नाही. तेलाला टिकणारे गरम अल्कलीला टिकेलच असे नाही. स्क्रू कमी आवळले तर गळते, जास्त आवळले तर चकती फुटते. समोरासमोरचे दोन, मग आडवे दोन, थोडे थोडे, अशी ती आवळत गेली. माझ्या वडिलांना बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना मी असेच सर्व बाजूंनी हलके ठोके देताना पाहिले आहे.

साच्याच्या मागून एक बारीक नळी वर, द्रवाच्या बाहेर, निघत होती. ती कशाला, हे मला आधी कळेना. आत कोंडलेली हवा पंचवीस अंशांवरून ऐंशीला गेली की सुमारे अठरा टक्के फुगू पाहते. सुरुवातीला जाड चकतीला त्याचे काही वाटत नाही. पण सातव्या तासाला, जेव्हा पापुद्रा पंधरा मायक्रॉनचा उरतो, तेव्हा तोच दाब त्याला फोडतो. म्हणून आतल्या हवेला वाट हवी. नुसते बंद करणे म्हणजे रक्षण नव्हे, असे काहीसे माझ्या तोंडून निघणार होते. प्रवचनाची खोड जात नाही. मी गप्प राहिलो.

साडेनऊला साचा द्रवात उतरला. पाण्याची वाफ उडून द्रावण दाट होऊ नये म्हणून झाकणावर थंड पाण्याची नळी वेटोळली होती. थोड्याच वेळात खिडक्यांच्या जागी बारीक बुडबुडे उठू लागले. हा सिलिकॉन विरघळताना सुटणारा हायड्रोजन. सात तास. दर अर्ध्या तासाने तापमानाची नोंद. मध्ये बोलायला भरपूर वेळ होता; भावाची कामगिरी पार पाडायला याहून सोयीची संधी मिळणार नव्हती. पण बुडबुड्यांकडे पाहता पाहता मला दुसरेच एक भांडे आठवले आणि त्या आठवणीने मला बोलू दिले नाही.

ते भांडे गिरगावातल्या एका अंधाऱ्या माडीवर होते. साल १९९०. मी सेमिनरीत होतो आणि आमच्या वार्षिक अंकाची छपाई माझ्याकडे होती. त्या काळी अंक अजून खिळ्यांवर छापला जाई. चित्र हवे असेल तर जस्ताच्या पत्र्याचा ब्लॉक करून घ्यावा लागे. वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना ते लाकडी ठोकळ्यावर ठोकलेले ब्लॉक आठवत असतील. माझ्या एका सहाध्यायाने आपल्या आजीचे रेखाचित्र काढले होते: लुगड्याचा पदर, कानातले, हनुवटीखालच्या सुरकुत्या, सगळे दौतीच्या बारीक निबाने. आजी आजारी होती. अंक तिच्या हातात पडावा अशी त्याची इच्छा होती.

ब्लॉकवाला म्हातारा कारागीर होता. नवी यंत्रे तोवर शहरात आली होती. हा आपला जुन्या रीतीने काम करी. पत्र्यावर चित्र उतरले की तो आधी पत्र्याच्या पाठीला व चारी कडांना लाखेचे रोगण लावी, कडांना दोनदा. मी कारण विचारले तेव्हा म्हणाला, “कडेवर रोगण ठरत नाही, आत पळतं. म्हणून दोनदा.” पृष्ठताण हा शब्द त्याला ठाऊक नसावा, गोष्ट ठाऊक होती. मग पत्रा नायट्रिक आम्लाच्या डोलत्या भांड्यात. पहिला चावा अगदी उथळ घ्यायचा, कारण आम्ल जितके खाली खाते तितकेच आडवेही खाते, आणि रेषेच्या बाजूंतून आत शिरून तिचा पाया पोखरते. हे थांबवायला त्याच्याकडे एक तांबडी पूड होती. परदेशी कारागीर तिला ड्रॅगनचे रक्त म्हणत. आपल्या काष्ठौषधींच्या दुकानांत ती हिरादखण म्हणून मिळते. वेताच्या एका जातीच्या फळाची ही राळ. पत्रा धुऊन, वाळवून, मऊ कुंचल्याने ही पूड एका बाजूने लोटायची, की ती रेषांच्या त्या अंगाला टेकून बसे; मग पत्रा तापवून ती वितळवायची. थंड झाला की दुसऱ्या बाजूने. मग तिसऱ्या. मग चौथ्या. तेवढे झाल्यावर दुसरा चावा, आणि पुन्हा चारही बाजू.

मी दुपारी गेलो तेव्हा पहिला चावा झाला होता. तो म्हणाला, उद्या या. छापखान्यात फर्मा अडकून पडला होता. छापखानेवाला माझ्यावर खेकसला होता. संध्याकाळी सातच्या आत सेमिनरीत परतणे भाग होते. मी म्हातारबुवांच्या मागे लागलो. विनवण्या केल्या, शेवटी थोडा आवाजही चढवला. विशीतल्या मुलाने, अंगावर झगा चढायच्या आधीच झग्याचा अधिकार वापरून. त्याने माझ्याकडे पाहिले आणि कुंचला उचलला. दुसऱ्या चाव्याआधी त्याने दोनच बाजूंनी पूड लावली. मी ते पाहिले. दोन बाजू राहिल्या आहेत हे मला कळले होते, कारण अर्ध्या तासापूर्वी त्यानेच मला सारे समजावले होते. मी काही बोललो नाही; मी घड्याळाकडे पाहत होतो.

पहिली दोनशे पाने उत्तम निघाली. मग केसांच्या रेषा तुटू लागल्या, सुरकुत्यांचे ठिपके झाले. अंक घरोघरी गेला तोवर आजीच्या चेहऱ्यावर पांढरे चट्टे उमटले होते. मूळ चित्र छापखान्याच्या धांदलीत गहाळ झाले. आजी आठवड्यापूर्वीच वारली होती. तिने काहीच पाहिले नाही. माझा मित्र अंक हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “माझ्याच रेषा फार बारीक होत्या. ब्लॉकला झेपल्या नाहीत.”

मी म्हणालो, “असेल.”

त्यानंतर त्याने अंकासाठी चित्र काढले नाही. पुढे त्याने सेमिनरी सोडली. कारणे वेगळी होती, त्यांचा या गोष्टीशी संबंध जोडणे अन्यायाचे होईल. तो बँकेत लागला, त्याचे लग्न मीच लावले, त्याच्या मुलांचे बाप्तिस्मे केले. त्याच्या घरी भिंतीवर ते छापील पान चौकटीत लावलेले आहे, कारण आजीचे दुसरे चित्र कोणाकडेच नाही. चौतीस-पस्तीस वर्षे मी त्या चौकटीसमोर बसून चहा पीत आलो होतो.

तापमानाच्या दोन नोंदींच्या मधल्या वेळात मी हे सारे पुतणीला सांगून टाकले. का, ते मला नीट सांगता येणार नाही. दुसऱ्यांचे ऐकून घेणे हा माझा व्यवसाय. सांगण्याची वेळ क्वचित येते, आणि तीही आमच्यासारख्याच दुसऱ्या धर्मगुरूपुढे. त्यातही हे मी कधी सांगितले नव्हते. पापाच्या यादीत ते बसत नाही अशी मी समजूत करून घेतली होती. तिने सगळे ऐकले. तिची पहिली शंका शास्त्रीय होती: “म्हणजे त्यांची पूड नुसत्या खालच्या खाण्याला नाही, बाजूच्या खाण्याला अडवायची? आमच्या स्फटिकात ते काम स्फटिकच करतो. जस्तात तशी सोय नाही.” मग थोड्या वेळाने, नोंदवहीतून मान वर न करता: “काका, तुम्ही त्यांना सांगितलंत?”

“नाही.”

तिने पुढे विचारले नाही. साडेबारा वाजता तिने डबा उघडला. अर्धी पोळी मला दिली.

दोनच्या सुमारास तिचाही धीर सुटू लागला. एकदा म्हणाली, तापमान पाच अंशांनी चढवले तर अर्धा-पाऊण तास वाचेल. तिला संध्याकाळी कोणाला तरी भेटायचे होते. बहुधा त्याच कंपनीच्या माणसाला. मी काही बोललो नाही. तिने बटणाकडे हात नेला, माझ्याकडे एकदा पाहिले आणि हात मागे घेतला. मग फोनवर कोणाला तरी कळवले, की आज जमणार नाही.

साडेचारला साचा बाहेर आला. धुतला. स्क्रू पुन्हा त्याच क्रमाने, थोडे थोडे, सैल केले. मी श्वास रोखून पाहत होतो, आणि मला वाटते तीही. चकती निघाली. तिने आधी खिडक्यांकडे पाहिलेच नाही. बोट न लावता काठ दिव्याखाली सबंध फिरवून पाहिला. गुळगुळीत. रबराच्या वेटोळ्याची एक पुसट वर्तुळाकार खूण तेवढी आत उमटली होती.

मग तिने खोलीतला दिवा मालवून चकती एका प्रखर दिव्यासमोर धरली. सिलिकॉन आपल्या डोळ्यांना अपारदर्शक. पण दहा-पंधरा मायक्रॉनांवर आला की तो तांबडा प्रकाश थोडासा पाझरू देतो. काळ्याभोर गोलावर चौकोनी, गडद लाल खिडक्या उजळल्या. चाळीसपैकी सदतीस. दोन खिडक्यांना भोके पडली होती, एकीचा पापुद्रा चिरला होता. तिने वहीत आकडा लिहिला, खाली दोनदा रेघ मारली आणि ओट्याला टेकून खाली बसली ती पाच मिनिटे बसूनच राहिली.

नोकरीचा विषय मी काढला नाही. निघताना पहिल्या चकतीचा एक तुकडा मागून घेतला. तिने तो कापसात गुंडाळून दिला.

भावाला रात्रीच गाठले. तो अपेक्षेने पाहत होता. मी त्याला स्फटिकाची पृष्ठे समजावण्याच्या भानगडीत पडलो नाही. त्याला म्हटले, आपल्या बाबांच्या वेळी खाजणाच्या शेताचा बांध फुटला होता तो आठवतो? सबंध बांध धड होता. खेकड्याचे एक बीळ राहिले होते. भरतीचे खारे पाणी त्यातून शिरले आणि तीन वर्षे भात झाले नाही. तुझी मुलगी ते बीळ शोधत होती. आज तिला ते सापडले. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “अजून किती महिने?” मी म्हटले, “दोन चकत्या शिल्लक आहेत.” “बरं,” तो म्हणाला, आणि उठून मोगऱ्याला पाणी सोडायला गेला.

त्या आठवड्यात मी मित्राकडे जाऊ शकलो नाही. दोन दफनविधी व एक लग्न होते. ही सबब खरीही होती आणि सबबही होती. पुढच्या सोमवारी गेलो. तो आता निवृत्त झाला आहे. चहा यायच्या आधीच मी त्याला सांगितले: गिरगावची माडी, दोन बाजूंची पूड, घड्याळ. आणि माझे ते ‘असेल’.

तो ऐकत राहिला. मग उठला, भिंतीवरची चौकट उतरवली, सदऱ्याच्या बाहीने काच पुसली आणि खिडकीपाशी नेऊन, चष्मा कपाळावर चढवून, डोळ्यांच्या अगदी जवळ धरली.

“कोणत्या दोन बाजू राहिल्या?” त्याने विचारले.

मला आठवत नव्हते. तो पाहतच होता. “उजवीकडच्या आणि खालच्या,” थोड्या वेळाने तो म्हणाला. “हे बघ. प्रत्येक केसाची डावी कड स्वच्छ आहे. उजवीकडून खाल्लेला आहे.” मी वाकून पाहिले. खरेच तसे होते. पस्तीस वर्षे समोर होते. “ब्लॉक उलटा असतो ना,” तो स्वतःशीच म्हणाला, “म्हणजे त्याच्या हाताशी ती डावी बाजू.”

मग त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक बारीक रेषा ओढली. तिच्या शेजारी दुसरी ओढली. दोन्ही न्याहाळत तो म्हणाला, “म्हणजे एवढ्या बारीक चालल्या असत्या.”

आतून त्याच्या पत्नीने चहा आणला. चौकट अजून त्याच्या मांडीवरच होती.